एका कान्याचा फरक

यंत्रानं मला रेडा दिला.

तोही सगळ्यांसमोर. इक्बाल मुजावरचा क्लब म्हणजे पूर्वीचं थिएटर. त्या भिंतभर पडद्यावर अक्षरं उमटली : 'भूपाल मगदूम, वय ५८. सुचवलेलं जहाज : रेडा.' मागच्या रांगेतून कुणीतरी म्हशीसारखं हंबरलं आणि हशा पिकला. माझं डोकंच फिरलं.

"इक्बाल, तुझं यंत्र बिघडलंय."

"यंत्र माझं नाही, लीगचं आहे," इक्बाल म्हणाला. "आणि सल्ला आहे तो, हुकूम नव्हे. घे नाहीतर टाकून दे. एवढं तापायला काय झालं?"

इक्बाल माझा शाळेपासूनचा दोस्त, म्हणून गप्प बसलो. दुसरा कुणी असता तर त्याची खैर नव्हती.

खेळ न खेळणाऱ्यांना हे समजायचं नाही, म्हणून सांगतो. खेळ अवकाशातल्या लढाईचा. माणसाविरुद्ध माणूस. एका जहाजात दोघं बसतात : पुढचा चालवतो, मागचा मारा करतो. मिरजेकडून गेली नऊ वर्षं मी पुढं आणि माझी बायको त्रिशला मागं. आमच्या पिढीचं बालपणच व्हिडिओ गेममध्ये गेलं, मग साठीजवळ आलो म्हणून खाज कुठं जाणार? तरी नातेवाईक बोलतातच. बोलू देत. येत्या रविवारी कोल्हापूरशी अंतिम सामना होता आणि नातेवाइकांनीसुद्धा तिकिटं काढली होती.

या खेळात अर्धी लढाई जहाज निवडतानाच होते. जहाजांची खरी नावं लांबलचक आणि परदेशी आहेत, ती मिरजेत कुणी घेत नाही. आमच्याकडे तीनच : टिटवी, घार आणि रेडा. टिटवी हलकी, हातभर जागेत गिरकी घेते, पण दोन फटके बसले की खलास. तिच्याकडे भाला असतो, एकच. तो लागला तर समोरचं कुठलंही जहाज उडालं. घार मधली. आणि रेड्याला चिलखत जाड, मार खात उभा राहतो, पण वळायला लागला की तोवर चहा पिऊन यावं. ज्यांचा हात जड झालाय त्यांचं ते जहाज. मी जन्मात टिटवीशिवाय कशाला हात लावला नव्हता.

आणि हे जहाज सुचवणारं जे यंत्र, त्याला 'जोडणी' म्हणतात. आम्ही पत्रिका बघणं म्हणतो. जहाज चालवायला तुम्ही जो दांडा धरता, त्यातच ते बसलेलं असतं. बोटांचा दाब ते सेकंदाला हजार वेळा मोजतं. डोळ्यांना शत्रू दिसला, त्यानंतर किती वेळानं अंगठा हलला, हलल्यावर थांबला कुठं, सगळं टिपतं. मग जगभरच्या कोट्यवधी खेळाडूंच्या नोंदी चाळून बघतं की असा हात असलेली माणसं कुठल्या जहाजात जास्त वेळ टिकली. तेच जहाज तुम्हाला सुचवतं. एरवी हा सल्ला आपल्यापुरता राहतो, दडवून ठेवता येतो. अंतिम सामन्यात मात्र तो पडद्यावर सगळ्यांना दाखवायचा, असा लीगचा नियम.

"मी टिटवीच घेणार," मी मोठ्यानं सांगून टाकलं.

"घे बाबा," इक्बाल म्हणाला. "वहिनी, तुमचे हुकूम तपासून घेऊ का एकदा?"

जहाज मागच्याचं बोलणं ऐकतं. त्रिशलानं "सोड" म्हटलं की भाला सुटतो. पण ती मलाही लढाईत सूचना देते, आणि मला ती "अहो, सोडा" म्हणते. म्हणजे दांडा सोडा, मी सांभाळते. मागच्या खुर्चीला एक जास्तीचा दांडा असतो. पुढच्यानं हात काढला तरच तो चालू होतो. सुरुवातीच्या एका सामन्यात तिनं मला "सोडा" म्हटलं आणि जहाजानं भालाच सोडला. तेव्हापासून इक्बालनं जहाजाला फक्त एकेरी हुकूम शिकवलाय. काना लागला की ते बहिरं होतं.

"वहिनी जहाजाला अरे-तुरे करतात आणि तुला अहो-जाहो," इक्बाल नेहमीचा विनोद करत म्हणाला. "जहाजच जवळचं दिसतंय त्यांना."

एरवी त्रिशला यावर त्याला दोन शब्द सुनावते. त्या दिवशी ती हसलीसुद्धा नाही. पडद्याकडे बघत होती आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कारखान्यात एका तंबोऱ्याची जवारी काढत बसलो होतो.

हा माझा धंदा. मन्सूरचाचांच्या हाताखाली चौदाव्या वर्षी बसलो, तेव्हापासून. तंतुवाद्याच्या घोडीवरून तार जाते तिथं कानसेनं इतका बारीक उतार द्यायचा असतो की तार घोडीला अगदी निसटती घासली पाहिजे. त्या घासण्यातून तो भरलेला, गुणगुणणारा आवाज येतो. कानस एक केस जास्त फिरली की आवाज बसला. मिरजेत जवारी काढणारे आता पाचसहाच उरलेत, आणि त्यांत माझं नाव आधी घेतात, हे मी नाही म्हणत, गाणारे म्हणतात.

तो तंबोरा धारवाडहून परत आला होता. 'आवाज बंद वाटतो' अशी चिठ्ठी होती. वर्षभरात परत आलेलं हे तिसरं वाद्य.

"हवा दमट आहे तिकडं," मी त्रिशलाला म्हणालो. ती चहा घेऊन आली होती.

तिनं कप ठेवला आणि तिथंच उभी राहिली. "टिटवी नका घेऊ," ती म्हणाली.

"तू पण?"

"रेडा घ्या. नाहीतर खेळूच नका. पण सोमवारी माझ्याबरोबर दवाखान्यात चला."

"कशाला?"

तिनं फोन काढून माझ्यापुढं धरला. लीगचा निरोप होता. तारीख बघितली. दहा महिन्यांपूर्वीची.

नऊ वर्षांपूर्वी क्लबात नाव नोंदवलं त्या आठवड्यात माझा फोन पॉलिशच्या डब्यात पडला होता. म्हणून नंबर त्रिशलाचा दिला. नंतर बदलेन बदलेन म्हणत राहून गेलं. घरात गॅसपासून बँकेपर्यंत सगळं तिच्याच नंबरावर आहे, त्यात हे एक. दरवर्षी नव्यानं भरायच्या फॉर्मात एक ओळ होती म्हणे : 'हाताच्या नोंदींत तब्येतीविषयी काही आढळल्यास कळवावे का?' मी न वाचता 'हो' वर टिचकी मारली असणार. सगळेच मारतात.

निरोप सरळ होता. माझ्या उजव्या हाताच्या नोंदी कंपवाताच्या सुरुवातीच्या नोंदींशी जुळतात, तज्ज्ञाला दाखवा.

"हे खेळण्याचं यंत्र मला रोग सांगणार?"

"त्याला रोग कळत नाही," त्रिशला म्हणाली. तिनं दहा महिन्यांत सगळं वाचून काढलं होतं, बोलताना कुठं अडखळली नाही. जोडणीला फक्त जहाजं कळतात. पण काही वर्षांपूर्वी संशोधकांना दिसलं, की चांगल्या चांगल्या खेळाडूंना यंत्र कारण नसताना जड जहाजाकडे सरकवतं, आणि त्यांच्यातल्या पुष्कळांना चारपाच वर्षांनी कंपवात निघतो. मग त्यांनी त्या नोंदी उलगडल्या. धडधाकट माणसाचा हातही थरथरतो, सेकंदाला दहाएक वेळा, पण ते इतकं बारीक असतं की दिसत नाही. या आजारातली थरथर संथ असते, सेकंदाला चारपाच. आणि ती काम करताना येत नाही. हात मोकळा पडला की येते. सामना सुरू व्हायची वाट बघत तुम्ही दांड्यावर नुसता हात टेकवून बसता ना, तेवढ्या उसंतीत यंत्राला ती सापडते. शिवाय अंगठा हलायला उशीर करतो, एकदा हलला की थांबायलाही करतो.

"मेंदूतल्या काही पेशी मरत असतात," ती म्हणाली. "डोळ्यांना थरथर दिसेपर्यंत निम्म्याहून जास्त गेलेल्या असतात. ती गळती थांबवणारं औषध आता आलंय. पण पहिल्या नोंदीपासून वर्षाच्या आत सुरू केलं तरच त्याचा उपयोग. दोन महिने राहिलेत, अहो. त्यातले तपासण्यांतच सहा आठवडे जातात. आणि तुमची सही लागते. माझी चालत नाही, विचारून आले मी."

"दहा महिने तू हे पदराआड ठेवलंस?"

"तुम्हीच सांगितलं होतं."

सांगितलं होतं खरं. माझ्या आप्पांना कंपवात होता. शेवटी शेवटी लग्नाकार्यात ते उजवा हात मांडीखाली दाबून बसायचे, कुणाला दिसू नये म्हणून. बशीत कप वाजायचा म्हणून चहा सोडला. ते गेले त्या दिवशी मी त्रिशलाला म्हणालो होतो, मला असलं काही झालं तर मला कळू देऊ नकोस.

"तरी तीनदा साखर तपासायला चला म्हणून मागं लागले," ती म्हणाली. "म्हटलं, तिथं गेलात की डॉक्टरच बघतील. तुम्ही आलात? लीगचा जहाजाचा सल्लाही माझ्याच फोनवर यायचा, तो दरवेळी मीच दडवत होते. चुकलंच माझं. पहिल्याच दिवशी तोंडावर फेकायला हवा होता फोन."

मला तिची कीव यायला हवी होती. आला तो राग. भीती वाटली की मला राग येतो, हे आता कळतं.

"माझ्या हाताला काही झालेलं नाही. हे बघ." मी कानस हातात घेऊन तिच्या नाकासमोर धरली. हात दगडासारखा स्थिर होता.

"घट्ट धरलीय तुम्ही," ती हळूच म्हणाली. "हल्ली सगळंच घट्ट धरता."

"बास! रविवारी मी टिटवी घेणार. हात चुकला, तर सोमवारी म्हणशील तिथं येतो, म्हणशील तिथं सही करतो. पण जिंकलो, तर हा विषय या घरात पुन्हा निघायचा नाही. कधीच."

"असली पैज कोण लावतं? जिवाशी खेळ आहे हा."

"मंजूर आहे की नाही?"

दुसरा इलाज नाही हे तिला माझ्याबरोबर एकतीस वर्षं काढून माहीत होतं.

"शपथ?" तिनं विचारलं.

"शपथ."

ती आत निघून गेल्यावर मी तार छेडली. आवाज बंदच होता. हवा दमट बिमट काही नव्हती, बाहेर कडक ऊन पडलं होतं.

*

रविवारी दुपारी थिएटर खचाखच भरलं. समोर कोल्हापूरच्या तांबट बहिणी होत्या, पंचविशीच्या जुळ्या. त्यांनी घार घेतली होती. तीन फेऱ्यांचा सामना, दोन जिंकेल तो विजेता.

खेळणाऱ्या जोडीसाठी बंद खोकं असतं, त्यात मी पुढच्या खुर्चीवर बसलो. पट्टा आवळताना एक विचार डोक्यात आला आणि जाईना. हिला मी हरायला हवा आहे. मारा हिच्या हातात आहे. हिनं दोन नेम चुकवले की संपलं, आणि कुणाला कळणारही नाही.

"नीट मार," मी मागं न बघता म्हणालो.

"नऊ वर्षं काय वाकडं मारतेय?" मागून आवाज आला. "तुमचं तुम्ही बघा."

पहिली फेरी दोन मिनिटांत संपली. मी टिटवी एका लघुग्रहाआड दडवली, घार जवळून गेली आणि त्रिशलानं लागोपाठ सहा गोळे तिच्या शेपटीत घातले. एकही वाया गेला नाही. थिएटर दणाणलं. मला लाज वाटली. ही बाई हरायला बसलीच नव्हती.

दुसरी फेरी गेली. वळायला मला उशीर झाला. फार नाही, डोळ्याचं पातं लवावं एवढाच. तेवढ्यात दोन फटके बसले. "नशीब त्यांचं," मी म्हणालो.

तिसऱ्या फेरीआधी दीड मिनिट विश्रांती असते. हात दांड्यावर टेकवून थांबायचं. मी हात टेकवला नाही. दांडा मुठीत आवळून धरला, पार कोपरापर्यंत कळ येईतो.

फेरी सुरू झाली. आता अवकाशातलं एक सांगायला हवं. तिथं हवा नाही, म्हणून जहाज ज्या दिशेनं सुटलं त्याच दिशेनं जात राहतं, तोंड कुठंही फिरवा. पुढं पळता पळता गर्रकन तोंड मागं करायचं आणि पाठलाग करणाऱ्याला समोरून भाला घालायचा. याला आम्ही उलटी म्हणतो. टिटवीची खरी करामत तीच. अंगठ्यानं एकदा दाबायचं, गिरकी सुरू होते. तोंड बरोबर मागं आलं की उलट बाजूला दाबायचं, गिरकी थांबते. त्या थांबवण्याला वेळ साधावी लागते. मी ती हजारो वेळा साधली होती.

एक फटका आम्ही खाल्ला. आणखी एक बसला असता तर खेळ खलास. घार मागं लागली होती आणि अंतर कमी होत होतं.

"उलटी घेतो," मी ओरडलो. "तोंड थांबलं की भाला."

अंगठा दाबला. टिटवी फिरली. तारे डावीकडून उजवीकडे वाहायला लागले. घार समोर येताना दिसली. आता थांबवायचं.

अंगठा हलला नाही.

मी त्याला सांगितलं. शपथेवर सांगतो, मी त्याला सांगितलं. जणू दुसऱ्याच कुणाचा अंगठा होता. घार समोरून निघून गेली, पुन्हा तारे, पुन्हा काळोख. टिटवी भोवऱ्यासारखी फिरायला लागली. दर दोन सेकंदांनी घार समोर यायची आणि जायची, प्रत्येक वेळी आधीपेक्षा मोठी. तिचे गोळे आमच्या आजूबाजूनं जायला लागले.

"अहो, सोडा!" मागून त्रिशला. "सोडा, मी सांभाळते!"

तिला दांडा हवा होता. मी हात काढला असता तर तिचा दांडा चालू झाला असता आणि तिनं गिरकी थांबवली असती. साधी गोष्ट होती. पण माझी मूठ उघडेना. आणि खरं सांगू? उघडायची नव्हतीच मला. हात काढला म्हणजे हात चुकला. हात चुकला म्हणजे सोमवार.

"सोडा हो!"

"नाही!"

"अहो, पाया पडते, सोडा!"

घार पुन्हा समोर आली, आता इतकी जवळ की तिच्या पोटावरचे आकडे वाचता यावेत. आणि मागून किंकाळी आली. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"भूपाल! सोड!"

जहाजानं ऐकलं. काना नव्हता. भाला सुटला.

घार समोर होती. पाव सेकंद आधी नव्हती, पाव सेकंदानं नसती. पडदा पांढरा झाला, आणि मग थिएटरात असा गलका उठला की खोक्याच्या भिंती हादरल्या.

मिरज जिंकली होती.

*

पुढचा अर्धा तास मला धड आठवत नाही. इक्बालनं मला उचललं. हंबरणारा पोरगा पाया पडून गेला. तांबट बहिणींतली एक हात जोडून म्हणाली, "काका, फिरता फिरता भाला! असं कुणी करतं? आम्ही तर थांबायची वाट बघत होतो." सगळे म्हणत होते, म्हाताऱ्यानं मुद्दाम फिरत ठेवलं, चकवलं. मी मान डोलावत होतो. उजवा हात खिशात घातला होता.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. हे त्या थिएटरात दोघांनाच माहीत होतं.

त्रिशला गर्दीच्या कडेला माझा शेला आणि नारळ सांभाळत उभी होती. मी जवळ गेलो.

"जिंकलात," ती म्हणाली. डोळे कोरडे होते. "शपथ झालीय आपली. विषय संपला. चला, घरी भात टाकायचाय."

बस. एवढंच. भांडली असती तर मी भांडलो असतो, माझी तयारी होती. ती शब्दाला जागणार होती. मी आप्पांसारखा मांडीखाली हात दाबून बसेपर्यंत ती हा विषय काढणार नव्हती आणि रोज माझ्या ताटात भात वाढणार होती.

गाडीजवळ आलो. तिनं चावी काढली. हल्ली गाडी तीच चालवते, माझी पाठ दुखते म्हणून, असं मी सांगत असतो.

"एक विचारू?" मी म्हणालो. "शेवटी सोड म्हणालीस. कुणाला? जहाजाला की मला?"

तिनं माझ्याकडे बघितलं. जहाजाला म्हणाले, असं ती म्हणू शकली असती. मग तो नेम ठरला असता, आणि मी सुटलो असतो. माझा जीव त्या उत्तरासाठी तळमळत होता.

"जहाजाला मी भूपाल कशाला म्हणेन?" ती म्हणाली.

माझं नाव तिनं एकदाच घेतलं होतं, लग्नात, उखाण्यात. त्यानंतर एकतीस वर्षांत नाही. आणि अरे-तुरे तर कधीच नाही. एवढी ती घाबरली होती. खेळातल्या त्या टिटवीसाठी कुणी एवढं घाबरत नाही.

"मुद्दाम नाही म्हटलं," ती ओशाळून म्हणाली. "तोंडातून गेलं. तुम्ही ऐकेनाच."

"अंगठा हलला नाही, त्रिशला."

"माहीत आहे."

"मी सांगत होतो त्याला. हललाच नाही गं." आणि मग तिथं, गाड्यांच्या रांगेत, विजेत्याचा शेला तिच्या हातात असताना मी रडलो. आप्पा गेले तेव्हा रडलो नव्हतो.

तिनं काही समजूत घातली नाही. माझं रडणं थांबेपर्यंत उभी राहिली.

"हात चुकला," मी नाक पुसत म्हणालो. "जिंकलो बिंकलो सोड. हात चुकला. पैज तू जिंकलीस. उद्या किती वाजता?"

"सव्वानऊला," ती म्हणाली. "नंबर लावून ठेवलाय."

"कधी लावलास?"

"शुक्रवारी."

म्हणजे पैज लावली त्याच दिवशी. अशी बाई आहे ही.

*

डॉक्टर कुरणे बाई तरुण होत्या, माझ्या पुतणीच्या वयाच्या. त्यांनी मला बोटं जुळवायला लावली, चमचा धरायला लावला, कागदावर जिलबीसारखं वेटोळं काढायला लावलं. सगळं मी झकास केलं. वेटोळं तर तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखं गोल आलं. मी त्रिशलाकडे बघितलं. मनात आशा डोकावलीच, खोटं कशाला बोलू.

"छान," डॉक्टर म्हणाल्या. "आता हात मांडीवर ठेवा. तळवा वर. आणि सैल सोडा."

मी ठेवला.

"सैल, काका. तुम्ही आवळून धरलाय."

"सैलच आहे."

त्यांनी मनगटाखाली दोन बोटं घातली. "नाही. खांद्यापासून सगळा आवळलाय. काही करायचं नाही, नुसता पडू द्यायचा. सोडा."

मला ते जमेना. कानस धरून, दांडा धरून, खिशात मूठ धरून किती महिने काढले होते कोण जाणे, हात मोकळा टाकायचा कसा तेच विसरलो होतो. आणि आतून पक्कं ठाऊक होतं, टाकला की काय होणार. डॉक्टर घाई करत नव्हत्या.

त्रिशला उठून माझ्याजवळ आली. माझ्या शेजारच्या स्टुलावर बसली. तिनं डॉक्टरांकडे बघितलं नाही, दाराशी उभ्या असलेल्या नर्सकडेही नाही.

"भूपाल," ती म्हणाली. "सोड."

मी सोडला.

क्षणभर काही झालं नाही. मग अंगठा हलला. मग शेजारचं बोट. संथ, एका लयीत, तार छेडून सोडल्यावर बराच वेळ हलत राहते तसं. माझ्या मांडीवर, सगळ्यांसमोर, भर उजेडात. मी तो दाबला नाही. बघत राहिलो.

त्रिशलानं तो थांबवायला हात पुढं केला नाही. डॉक्टरांनी घड्याळ बघून मोजलं आणि फॉर्म माझ्याकडे सरकवला.

"तपासण्या आजच सुरू करू, म्हणजे औषध मुदतीत सुरू होईल," त्या म्हणाल्या. "सही इथं. आणि इथं तुमचा फोन नंबर."

सही केली. नंबराच्या रकान्याशी थांबलो, कारण माझा मला पाठ नाही. त्रिशलाचा लिहिला.